आधी खर्च मांड, मग हत्ती आण

तू ‘प्लॅनेट झू’ हा प्राणिसंग्रहालय चालवण्याचा खेळ सुरू केलास आणि पहिल्याच झटक्यात हत्ती, वाघ, गोरिला सगळे भरलेस, आता पगार द्यायला पैसे नाहीत, असं ताईकडून कळलं. २००१ साली ‘झू टायकून’ आलं तेव्हापासून तुझा मामा हे खेळ खेळतोय, म्हणून चार गोष्टी सांगतो. नीट ऐक.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की प्राण्याच्या नावापुढे जी किंमत दिसते, तो त्याच्यावरचा सगळ्यात लहान खर्च असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इथे शब्दशः खरं आहे. तेव्हा बाजार उघडण्याआधी मसाल्याचा हिशेब कर.

हत्तीचाच घे. त्याला मोठी जागा लागते, भक्कम कुंपण लागतं आणि ते कुंपण झिजतं, म्हणजे दुरुस्तीला मेकॅनिक आला. डुंबायला पाणी, पाणी घाण होतं म्हणून शुद्धीकरण यंत्र, यंत्राला वीज. रोजचा चारा, तो टाकायला कीपर, कीपरला खोली. आजारी पडला तर डॉक्टर. यातलं एकही काम एकदाचं नाही, महिन्यामागून महिना चालू राहतं. आणि हवामान चुकलं असेल तर हीटर किंवा कूलर आलाच. नवं प्राणिसंग्रहालय काढताना खंड आणि हवामान आधी निवडावं लागतं, तिथे घाई करू नकोस. निवडलेल्या हवेत जे प्राणी मुळातच सुखी आहेत, तेच पहिले घे. टुंड्रामध्ये मोर पाळायची हौस असेल तर ती नंतर, हातात पैसा खेळायला लागल्यावर.

बांधकाम करताना खेळ थांबवून ठेव. घड्याळ बंद असलं तरी भिंती उभारता येतात, झाडं लावता येतात, आणि तेवढा वेळ कुणाचा पगार चढत नाही.

कीपरची खोली पिंजऱ्याला लागून बांध. खोली लांब असली की त्याचा अर्धा वेळ चालण्यात जातो, प्राणी उपाशी दिसतात, आपल्याला वाटतं माणसं कमी पडली आणि आपण आणखी एक कीपर घेतो. पगार दुप्पट, काम तेवढंच. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याचा विभाग नेमून दे.

आता आवक. तिकिटावर आणि आइस्क्रीमच्या दुकानावर सगळा भरवसा टाकणारे बरेच आहेत. माझं मत विचारशील तर सुरुवातीच्या काळात खरा आधार दानपेटीचा. साधा वॉर्टहॉगचा पिंजरा घे. वॉर्टहॉग म्हणजे आफ्रिकेतलं सुळेवालं रानडुक्कर, दिसायला काही फार देखणं नाही. पण चाऱ्याची जागा आणि चिखलाचा खड्डा काचेच्या अगदी पुढ्यात ठेवून बघ. प्राणी दिवसभर तिथेच घुटमळतो. काचेसमोर माहितीचा फलक लाव, शेजारी स्पीकर, आणि हाताशी दानपेटी. लोक येतात, थांबतात, वाचतात, प्राणी डोळ्यांसमोर लोळताना बघतात आणि जाताना पेटीत टाकून जातात. याच प्राण्याचं खाणं मागच्या कोपऱ्यात ठेवलंस तर लोक रिकामी काच बघून पुढे जातील. खर्च दोन्हीकडे सारखाच, आवक मात्र एकीकडेच. साप, बेडूक, कोळी यांच्या काचपेट्यांनाही हेच लागू. जागा थोडी, खर्च थोडा, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्याकडे नाक मुरडू नये.

तिकीट स्वस्त ठेवलं तरच लोक येतात, हाही समज काढून टाक. मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विन आले, आणि २०१७ मध्ये मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० वर गेलं. केवढी ओरड झाली! पण आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये, अशी कुटुंबाची सोय ठेवली होती आणि बघण्यासारखं काहीतरी आत होतं. गर्दी ओसरली नाही. खेळातही कौटुंबिक तिकिटाचा आकडा वेगळा ठरवता येतो, तो विसरू नकोस. दर वाढवायचा तर आत काहीतरी नवं दाखवून वाढव.

फ्रँचाइझ मोडमध्ये, म्हणजे जिथे खेळाडू एकमेकांशी प्राण्यांचा व्यवहार करतात तिथे, दोन खिसे असतात, रोख पैसा आणि कॉन्झर्व्हेशन क्रेडिट. २०१९ च्या नोव्हेंबरात खेळ आला तेव्हा बाजारात वॉर्टहॉग, शहामृग आणि मोर यांचा नुसता पूर होता. हे रोखीने मिळायचे आणि भराभर वीण वाढवायचे, म्हणून जो तो तेच पैदा करून क्रेडिट मिळवू पाहत होता. त्यात भावाबहिणींच्या जोडीतून जन्मलेली जनावरं कितीतरी. अशा पिल्लांचं आयुष्य, प्रतिकारशक्ती, जननक्षमता सगळंच खालावतं, आणि मग ती कुणी घेत नाही. म्हणून प्राणी घेताना किमतीआधी त्याच्या या गुणांचे आकडे बघ. नर एका वंशातला, मादी दुसऱ्या. एक चांगली जोडी दहा स्वस्त जनावरांवर भारी पडते.

वीण आटोक्यात ठेवणं हा सुद्धा हिशेबाचाच भाग आहे. गर्भनिरोधकाचं बटण प्रत्येक प्राण्याला दिलेलं आहे, ते वापर. नाहीतर पिल्लं मोठी होतात, नर आपसांत भिडतात, जखमी झाले की डॉक्टरचा खर्च, जागा अपुरी पडली की प्राण्यांचे हाल, आणि हाल दिसले की फाटकाशी फलक घेऊन निदर्शक हजर. जास्तीचे प्राणी जंगलात सोड. त्याचे क्रेडिट मिळतात, आणि मला ते विकण्यापेक्षा कितीतरी समाधानाचं वाटतं.

हा सगळा खेळातला बाऊ आहे असं वाटत असेल तर फिनलंडमधल्या एहतारीचं ऐक. छोटं गाव, तिथलं प्राणिसंग्रहालय. २०१८ मध्ये चीनकडून पंडांची जोडी आणली, १५ वर्षांच्या करारावर. त्यांच्यासाठी ८० लाख युरोंहून जास्त खर्चून घर बांधलं. चीनला द्यायचं शुल्क धरून वर्षाचा खर्च जवळपास १५ लाख युरो. बांबू नेदरलँड्सहून विमानाने यायचा. मग कोविड आला, पर्यटक आटले, महागाई वाढली. २०२४ च्या नोव्हेंबरात, मुदत संपायच्या कितीतरी आधी, दोन्ही पंडा चीनला परत गेले. पंडांमध्ये काही खोट नव्हती. तेवढा खर्च उचलायला पुरेशी माणसं त्या फाटकातून आत येत नव्हती, एवढंच. तुझ्या खेळातही पंडा आहे. त्याला हात लावण्याआधी एहतारी आठव.

आपल्याकडे तर खऱ्या प्राणिसंग्रहालयांना वन्य प्राण्यांची खरेदी-विक्री करताच येत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मंजुरीने फक्त देवाणघेवाण होते. पैसा आला म्हणून प्राणी आला, असं तिथे घडत नाही, आणि ते योग्यच आहे.

शेवटचं कर्जाचं. कर्ज काढायला माझी ना नाही, पण ते पिंजरा, रस्ता, वीज यासाठी काढ. प्राण्यासाठी कधीच नको. आता जे हत्ती घेऊन बसली आहेस, त्यातली एक जोडी ठेव आणि बाकीचे सोडून दे. वाघ राहू दे. गोरिलाही आता सोडून दे, पुढच्या वर्षी परत बघू.