फळीचे माहेर

स्केटबोर्ड म्हणजे रस्त्यावर धावणारी चार चाकांची फळी. समुद्राशी तिचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि या फळीचे माहेर समुद्रच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावर लांब फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ फार आवडीचा आहे. परंतु समुद्र काही रोज हव्या तशा लाटा देत नाही. अशा शांत दिवशी करमेना, म्हणून १९५० नंतरच्या दशकात तेथील मुलांनी चाकांच्या बुटांची चाके काढून फळ्यांखाली ठोकली आणि उताराच्या रस्त्यालाच लाट मानले!

लाटेवरची फळी कशी वळते हे ज्याने अनुभवले आहे, त्यास ही युक्ती तत्काळ पटेल. लहानपणी मे महिन्यात आम्ही गुहागरास जात असू. एस. टी. तून उतरल्यावर आधी सुरूच्या बनातील वाऱ्याचा आवाज कानी पडे, मग समुद्र दिसे. मोडक्या होडीची एक फळी घेऊन आम्ही भावंडे पाण्यात शिरत असू. वडील कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आमच्यावर नजर ठेवीत. लाट आली की फळीवर पोट टेकायचे. मग वल्हे नाही, सुकाणू नाही. अंगाचा भार उजवीकडे टाकला की फळी उजवीकडे वळे, डावीकडे टाकला की डावीकडे. भार जास्त झाला की नाकातोंडात खारे पाणी!

रस्त्यावर मात्र खाऱ्या पाण्यावर भागत नाही, ढोपर फुटते. प्रारंभीची चाके धातूची आणि पुढे भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची असत. ती इतकी कठीण, की लहानसा खडा आडवा आला तरी फळी जागीच थबके आणि मुलगा पुढे फेकला जाई. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक शहरांनी या खेळावर बंदी घातली, ती काही उगीच नव्हे. १९७० नंतर फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेन नावाच्या चिवट, किंचित लवचिक द्रव्याची चाके बाजारात आणली. ती खड्यावरून सहज जात व रस्ता घट्ट धरीत. खेळास पुन्हा जीव आला. २०२१ साली टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा मोमिजी निशिया या जपानी मुलीने सुवर्णपदक मिळवले. तिचे वय होते अवघे १३ वर्षे!

माझ्या भाच्याने अलीकडेच सुटे भाग आणून स्केटबोर्ड जुळवला. फळी मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली होती. पाय निसटू नये म्हणून तिच्यावर पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद लावला. प्रत्येक चाकात दोन, अशी आठ बेअरिंगे बसवली. येथवर काम सोपे होते. खरी गंमत फळीखालच्या दोन धातूच्या सांगाड्यांत आहे. त्यांस ट्रक म्हणतात. प्रत्येक ट्रकमध्ये एक जाड बोल्ट असून त्याभोवती रबरासारख्या दोन गाद्या असतात. फळी एका बाजूस कलली की गाद्या दबतात. पुढचा आस कलाच्या दिशेने वळतो, मागचा उलट दिशेने, आणि फळी वळण घेते. म्हणून दोन्ही बोल्ट एकमेकांकडे तोंड करून बसले पाहिजेत. एक ट्रक उलटा लागला, तर फळी वळण्याऐवजी नुसती तिरकी सरकते.

बोल्टवरचा नट किती आवळावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. फार घट्ट केल्यास फळी स्थिर राहते, पण वळत नाही. फार सैल केल्यास झटकन वळते, पण वेगात थरथरते. पडण्याच्या भीतीने भाच्याने दोन्ही नट पुरते आवळले. शिरस्त्राण व ढोपरपट्ट्या बांधून तो अंगणात उभा राहिला. फळी निघाली ती थेट भिंतीकडे! त्याला उडी टाकूनच उतरावे लागले. काही न बोलता त्याने पाना घेतला आणि दोन्ही नट अर्धा अर्धा फेरा सैल केले.

“मामा, किती कलू?” त्याने विचारले.

“थोडा कलून पाहा,” मी म्हटले.

तो उजवीकडे किंचित झुकला, आणि भिंत दोन हातांवर असताना फळी वळली.