फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमा : धंद्यात उतरण्यापूर्वी

शहापूर-मुरबाडकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली की हल्ली कापडाच्या भावाबरोबर आणखी एक चौकशी होते : शूटिंगचे काम कोणाला द्यावे? तानसा, खर्डीपासून सरळगाव, टोकावड्यापर्यंत साध्या घरातील लग्नाचेही सिनेमासारखे चित्रण हवे असते. साहजिकच अनेक घरांतील तरुण हप्त्यावर कॅमेरा घेऊन या धंद्यात उतरू पाहतात. दुकानदार त्यांना सांगतो की एकाच कॅमेऱ्यात फोटोही निघतो आणि सिनेमाही. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी समजून न घेता कर्ज काढणाऱ्याचे भांडवल पहिल्याच हंगामात अडकते. म्हणून आज या विषयाची उजळणी करू.

फोटो आणि सिनेमा ही मुळात सख्खी भावंडे. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून कॅमेरा मागवणारे सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, पेशाने छायाचित्रकार होते. त्यांनी १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांचाही गोध्र्याला फोटो स्टुडिओ होता. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपून तिची फिल्म केली व ती दाखवून भांडवल उभे केले. उलट दिशेनेही देवघेव झाली. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी फोटोसाठी वापरली आणि १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला.

पुढचे मोठे वळण २००८ साली आले. त्या वर्षी निकॉनच्या डी ९० या डीएसएलआर प्रकारच्या फोटोच्या कॅमेऱ्यात प्रथमच व्हिडिओची सोय झाली आणि पाठोपाठ कॅननचा ५ डी मार्क २ आला. कंपनीच्या डोळ्यांपुढे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार होते, पण तो उचलला सिनेमावाल्यांनी. मे २०१० मध्ये 'हाउस' या अमेरिकन मालिकेचा एक संपूर्ण भाग त्यावर चित्रित झाला, कारण ढिगाऱ्याखालच्या अरुंद जागेत मोठा कॅमेरा मावत नव्हता. आपल्याकडे अमोल गुप्ते यांचा 'स्टॅन्ली का डब्बा' २०११ साली प्रदर्शित झाला. छायालेखक अमोल गोळे यांनी तो कॅननच्या ७ डी वर टिपला. शनिवारी मुलांची कार्यशाळा भरे आणि तिच्यातच चित्रण होई. समोर फोटोचाच कॅमेरा असल्याने मुले बुजली नाहीत. येथे कॅमेरा लहान असणे हाच त्याचा गुण ठरला.

या कॅमेऱ्याचे चित्र सिनेमासारखे का दिसते? कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश झेलणारी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. जुन्या हँडिकॅममध्ये ती नखापेक्षाही लहान असे. ७ डी सारख्या कॅमेऱ्यात ती जवळजवळ सिनेफिल्मच्या चौकटीएवढी आहे आणि ५ डी मध्ये त्याहूनही मोठी. चकती मोठी असल्याने अंधुक उजेडात काम भागते. नवरीचा चेहरा ठळक राहतो व मागचा मांडव धूसर होतो. शिवाय लेन्स बदलता येते. हा झाला नफा. आता खोट पाहू. या कॅमेऱ्यांचे जुने नमुने कमी किमतीत मिळतात व नवा धंदेवाला बहुधा तेथूनच सुरुवात करतो. म्हणून त्यांचे दोष त्याला ठाऊक हवेत.

पहिली खोट वेळेची. ५ डी मार्क २ ची एक फाइल ४ गिगाबाइटपर्यंतच जाते. उत्तम दर्जाचे चित्रण सुमारे १२ मिनिटांत आपोआप थांबते. पुढच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा २९ मिनिटे ५९ सेकंदांची झाली. हा आकडा यंत्राच्या कुवतीतून आलेला नाही, तो जकातीतून आला. सलग ३० मिनिटे चित्रण करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा गणला जाई व त्यावर जकात पडे, फोटोच्या कॅमेऱ्यावर पडत नसे. कंपन्यांनी एक सेकंद कमी ठेवून जकात वाचवली. २०१५ साली नैरोबीच्या परिषदेत अनेक देशांनी अशा मालावरील जकात टप्प्याटप्प्याने उठवण्याचे ठरवले आणि पुढे ही मर्यादा नसलेले कॅमेरे येत गेले. तरीही सलग चित्रणाने तापून बंद पडणारे कॅमेरे आहेतच. आमच्या नात्यातल्या एका निकाहात खुतबा चालू असताना कॅमेरा थांबला, आणि चित्रण करणाऱ्याच्या ते ध्यानात आले तोवर 'कबूल' होऊन गेले होते. कापडात खोट निघाली तर आम्ही तागा बदलून देतो. निकाहचे कबूल किंवा मंगलाष्टकांतील अक्षता बदलून देता येत नाहीत. म्हणून अशा प्रसंगी दोन कॅमेरे हवेत, आणि ते एकाच वेळी सुरू न करता काही मिनिटांच्या फरकाने सुरू करावेत.

दुसरी खोट आमच्या धंद्याशी थेट जोडलेली आहे. बारीक चौकड्याचा सदरा, तलम पट्ट्यांची साडी किंवा जाळीची ओढणी यांच्यावर चित्रात रंगीत लाटा उठतात. याला मॉइरे म्हणतात. ओढणीचे दोन पदर एकमेकांवर ठेवून सरकवा, तशाच लाटा दिसतील. कापडाला ताणा-बाणा असतो, तशाच सेन्सरलाही ओळी असतात, आणि दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की तिसरीच नक्षी उमटते. फोटोसाठी बनलेले ते जुने कॅमेरे व्हिडिओ काढताना मधल्या ओळी सोडून देत, म्हणून दोष वाढे. गंमत अशी की हा शब्दही कापडबाजारातलाच. लहरींच्या रेशमाला फ्रेंच लोक मॉइरे म्हणत, तो शब्द मोहेअरवरून आला आणि मोहेअर अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडक, यावरून. उपाय साधा आहे. नवरा-नवरीचे कपडे आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर धरून पाहावेत. लाट दिसली तर अंतर बदलावे किंवा फोकस किंचित हलवावा.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपली वीज ५० सायकलची आहे. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर सेकंदाचा ५० वा भाग ठेवला की ट्यूबलाइटचा उजेड सहसा थरथरत नाही. ५ डी मार्क २ मध्ये आरंभी केवळ ३० चित्रांचा वेग होता. २५ चा वेग मार्च २०१० च्या सुधारणेने मिळाला, तेव्हा जुना नमुना घेताना ती सुधारणा झाली आहे का हे विचारावे. रंगाचे तर आम्हा कापडवाल्यांना सांगायलाच नको. दिव्याखाली पाहिलेला रंग उन्हात वेगळा निघतो, म्हणून समजदार गिऱ्हाईक कापड दारात नेऊन पाहते. कॅमेऱ्यालाही प्रत्येक उजेडात पांढरा कागद दाखवून रंग बांधून घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट आवाजाची. कॅमेऱ्यातला माइक जवळच्या माणसाची कुजबुज टिपतो आणि काझीसाहेबांचा आवाज दूर ठेवतो. वेगळे ध्वनिमुद्रण यंत्र घ्यावे व सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी. पुढे तीच टाळी धरून चित्र व आवाज जुळवता येतात. कॅमेरा झपकन फिरवू नये, नाहीतर मांडवाचे खांब तिरपे दिसतात.

आता हिशेब. भिवंडीत लूम घेणारा फक्त लुमाची किंमत मोजत नाही. सूत, बीम, वीज, कारागीर आणि मंदीचे महिने तो आधी धरतो. येथे कॅमेरा हा फक्त लूम आहे. लेन्स, माइक, दिवे, जादा बॅटऱ्या, कार्डे, संकलनाचा संगणक आणि चित्रणाच्या दोन प्रती ठेवण्याची सोय हे सारे मिळून धंदा उभा राहतो. आमचे मत असे की जेवढे पैसे कॅमेऱ्यात घालाल, तेवढेच निदान बाजूच्या सामानासाठी ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा व ओल शोषणारी पुडी हा खर्च किरकोळ आहे, पण तो टाळला तर लेन्स जाते.

तानसा परिसरात चित्रण करायचे तर आणखी एक दक्षता हवी. १८९२ चे हे धरण मुंबई महापालिकेचे आहे व भोवतालचे जंगल अभयारण्य आहे. महापालिकेची व वनखात्याची परवानगी आधी काढावी. कॅमेरा लहान आहे म्हणून कायदा लहान होत नाही, आणि जप्तीत गेलेला कॅमेरा हप्ता थांबवत नाही.

तेव्हा तरुणांना आमचा सल्ला असा : पहिला हंगाम भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढा. एखाद्या जाणत्याच्या हाताखाली चार-पाच लग्ने करा. बयाणा घेताना किती कॅमेरे, किती तास आणि चित्रण कधी देणार हे लिहून द्या. हंगामाच्या शेवटी वहीत काही उरले तरच कॅमेरा विकत घ्या, आणि जेवढे उरले तेवढ्याच ऐपतीचा घ्या.