हत्तीपायाची लस का नाही?

गेल्या आठवड्यात नवीन जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात स्टील कारखान्यातला एक बिहारी कामगार आला. गावी त्याच्या भावाला हत्तीपाय झालेला. सोबत चार वर्षांचा मुलगा. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पोलिओची लस आहे, मग हत्तीपायाची का नाही? याला टोचून द्या ना." प्रश्न रास्त होता.

हत्तीरोगावर माणसांसाठी लस अद्याप नाही. पोलिओचा विषाणू अगदी साधा. हत्तीरोगाची मादी म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत! डासामार्फत शिरतो, लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो, वर्षानुवर्षे जगतो आणि आपल्या प्रतिकारशक्तीला चक्क गुंगवून ठेवतो. शिवाय रोगी गरीब. लस केली तर विकत कोण घेणार, हा कंपन्यांचा हिशेब. मला तरी हे कारण लहान वाटत नाही.

हिवतापाचा जंतूही असाच बहुरूपी, यकृतात एक रूप तर रक्तात दुसरे. तरीही त्यावर लस निघाली. त्यातली आर-२१ ही लस ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधली व ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. हंगामापूर्वी डोस दिलेल्या मुलांत वर्षभरात हिवताप सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. पण डोस चार, आणि मोहीम आफ्रिकेतील बालकांसाठी. पुण्यात बनते म्हणून माझ्याकडे मागू नका!

नारू आठवतो? पायातून काडीला गुंडाळून काढत, तो. त्यावर लस कधीच नव्हती. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, यावर तो गेला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

त्या कामगाराला मी सांगितले, गावी सामुदायिक औषधोपचाराच्या गोळ्या वाटतात तेव्हा घरातल्या सर्वांनी घ्याव्यात, खिशात ठेवू नयेत. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. गोळ्यांनंतर थोडा ताप आला तर घाबरू नये, बहुधा रक्तातले जंतू मरत असतात. भावाने पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवावा.

दोघांना रक्ततपासणीसाठी जिल्हा हिवताप कार्यालयाचा पत्ता दिला. हे जंतू रक्तात रात्रीच उतरतात, म्हणून नमुना रात्री घ्यावा लागतो. तो म्हणाला, "माझी रातपाळीच आहे. पोराला मात्र झोपेतून उठवावं लागेल."