गाणी बसवता बसवता

‘तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.’

२०१८ च्या डिसेंबरात आठवीतल्या एका मुलाला मी हे सगळ्या गटासमोर म्हणाले. समूहगीत स्पर्धा चार दिवसांवर आली होती. त्याचा आवाज फुटायला लागला होता. अंतऱ्यात वरच्या सुरावर गेला की तो घसरायचा आणि शेजारचे दोघं त्याच्याबरोबर खाली यायचे. तो काही बोलला नाही. स्पर्धेच्या दिवशी सांगितल्याप्रमाणे त्यानं ओठ हलवले. आमचा दुसरा क्रमांक आला. ढालीसोबतच्या फोटोत तो मागच्या रांगेत डावीकडे उभा आहे.

त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. शाळेत लागले तेव्हा एखाद्याला सूर सापडेना, तर मधल्या सुट्टीत त्याला पेटीजवळ बसवून घेणारी मी. पंधरा वर्षांत अशी कशी झाले, याचा शोध मी पुढे पुष्कळ घेतला. तो इथे मांडते आहे, कारण शाळांमध्ये संगीत शिकवणारे कितीतरी जण मला त्याच वाटेवर दिसतात.

मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत शिकवते. पाचवी ते नववी, प्रत्येकी चार तुकड्या, तुकडीत साठ मुलं. आठवड्याला वीस तास आणि बाराशे मुलं. कागदावर हे काम हलकं दिसतं. गणिताच्या बाईंकडे तपासायला वह्यांचे गठ्ठे असतात, माझ्याकडे नसतात. त्यामुळे कुणी रजेवर गेलं की बदली तासाला पहिलं नाव माझं. ‘संगीताच्या बाई रिकाम्या आहेत ना?’ हे शिक्षकखोलीत इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं, आणि रिकामी दिसू नये म्हणून मी प्रत्येक गोष्टीला ‘हो, बसवते’ म्हणत गेले.

बसवते म्हणजे गाणं बसवते. आपल्या शाळांत हाच शब्द आहे. प्रवेशोत्सवाचं गाणं बसवायचं, आषाढीच्या दिंडीचे अभंग बसवायचे, पंधरा ऑगस्ट, शिक्षकदिन, गांधीजयंती, स्नेहसंमेलन, सव्वीस जानेवारी, निरोपसमारंभ. मध्येच कुणी पाहुणे येणार असले तर ईशस्तवन आणि स्वागतगीत, तेही दर वेळी नवं. त्या वर्षीचे कार्यक्रम मी नंतर डायरीतून मोजले. सत्तावीस निघाले. त्यांसाठी एकेचाळीस गाणी बसवली होती.

बसवताना काय होतं ते आपल्या पेशातल्यांना सांगायला नको. बऱ्या आवाजाची पंचवीस मुलं वेगळी काढायची, वर्गातून उठवून न्यायची आणि एकच ओळ चाळीस वेळा घोकून घ्यायची. बाकीची मुलं वर्गात गाण्याचे शब्द वहीत उतरवत बसतात. कार्यक्रम झाला की गाणं संपलं. गाणाऱ्या पंचवीस जणांनासुद्धा आपण गायलो त्यात षड्ज कुठे होता, ते सांगता येत नाही. मी स्वतःला संगीतशिक्षिका म्हणवत होते, पण कित्येक वर्षांत मी संगीत शिकवलंच नव्हतं.

घरी पेटीला हात लावणं बंद झालं होतं. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा. आमच्या शेजारी मिरजेला ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. लग्नाआधीपासून मी तिथे जात आले. त्या वर्षीही गेले, बसले, आणि समोर एवढं गाणं चाललेलं असताना माझ्या डोक्यात एकच विचार होता: यातलं काही संमेलनाला बसवता येईल का? अर्ध्या तासात उठून आले. ती धोक्याची घंटा होती, पण मी ती ऐकली नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला गाणं ऐकताना असं व्हायला लागलं असेल, तर झोप उडायची वाट न पाहता तिथेच सावध व्हा. शरीर पुष्कळ उशिरा बोलतं.

माझं बोललं ते स्पर्धेच्या पुढच्याच महिन्यात, २५ जानेवारीला. मैदानावर सहाशे मुलांची तालीम, माईक नाही, वारा सुटलेला. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं आणि शेवटचा जयघोष तार षड्जापासून उतरत येतो. सुरुवातच चढ्या सुरात झाली तर तिथे पोचेपर्यंत मुलं ओरडायला लागतात. मी त्यांच्या वर आवाज चढवून सूर दाखवत राहिले, पाच वेळा, सात वेळा. सव्वीसला पहाटे उठले तर घशातून नुसती हवा. गाणी बसवता बसवता माझा आवाज बसला होता.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर सूज होती आणि दोन्ही बाजूंना गाठी धरायला लागल्या होत्या. ऑपरेशनची गरज नाही, म्हणाले. तीन आठवडे पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम. एक गोष्ट त्यांनी बजावली, ती मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती: कुजबुजूनही बोलायचं नाही, कुजबुजण्यानं स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. घोटघोट पाणी, आणि बोलायचंच झालं तर पाटी-पेन्सिल. पंधरा दिवसांच्या वर घसा बसलेला राहिला तर हळद-दूध, खडीसाखर, ज्येष्ठमध करत बसू नका, दाखवून घ्या.

त्या मौनात माझा तानपुरा बाहेर निघाला. तारा गंजलेल्या, आवाज पत्र्यासारखा. आमच्या ह्यांनी तो मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत नेला, मी सोबत गेले. त्या कारागिरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलं आहे. त्यांनी तारा बदलल्या, घोडी घासून जवारी नीट केली, मग प्रत्येक तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी थांबले. तिथे ती तार उघडली. धागा केसभर पुढे गेला तर आवाज मिटतो, मागे गेला तर खरखरतो. मी बोलू शकत नव्हते, गाऊ शकत नव्हते, त्यामुळे नुसती ऐकत बसले. ते गृहस्थ म्हणाले, ‘बाई, वाजवत राहिलं तर जवारी झिजते, पण ठेवून दिलं तर वाद्यच झोपतं.’ घरी येऊन रोज वीस मिनिटं तानपुरा छेडत बसायला लागले. हे कुणाला दाखवायचं नव्हतं आणि कोणत्या तारखेला सादरही करायचं नव्हतं. दहाव्या-बाराव्या दिवशी छेडता छेडता डोळे वाहायला लागले. तिथून मी माघारी वळले, असं मला वाटतं.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांच्या नव्या वर्गवारीत या अवस्थेची व्याख्या दिल्याचं वाचलं. बर्नआउट हा शब्द तोवर मला कंपन्यांतल्या लोकांचा वाटायचा. त्यात तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्यात होत्या. मात्र त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढचं वाक्य. ही अवस्था म्हणजे आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, साचत गेलेल्या ताणातून ती येते, असं तिथे म्हटलं आहे. तेव्हा ‘सकारात्मक राहा’ एवढंच कुणी सांगत असेल तर तो अर्धा सल्ला आहे आणि थकलेल्या माणसावर अन्यायही आहे. मन बदलतं, माझंही बदललं. पण आधी मला काम बदलावं लागलं.

जूनमध्ये मी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेले नाही, सत्तावीस कार्यक्रमांची आणि एकेचाळीस गाण्यांची यादी घेऊन गेले. सोबत डॉक्टरांचा कागद. म्हटलं, ‘सर, यातलं काय ठेवायचं ते आपण मिळून ठरवू.’ त्यांनाही आकडा ठाऊक नव्हता. प्रत्येक कार्यक्रम त्यांच्यासाठी एकच असायचा. तासाभरात ठरलं की वर्षाची दहाच गाणी. ती सगळ्या तुकड्यांनी शिकायची, आणि कार्यक्रम कोणताही असो, त्या दहांतूनच निवडायचं. स्वागतगीत एकच, कायमचं. पाहुणे बदलतात, त्यांना कुठे माहीत असतं की मागच्या वेळीही हेच म्हटलं होतं! आठवड्याला बदली तास दोनच. मैदानावर माईकशिवाय तालीम नाही. हे सगळं पाळलं गेलं असं नाही, दुसऱ्या वर्षी गाणी चौदा झाली. तरी एकेचाळीस आणि चौदा यांत माझा घसा आणि माझी झोप आहे. नाही म्हणायला शिका, असं सगळेच सांगतात; माझा अनुभव असा की नुसतं नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, यादी पुढे ठेवली तर विचार करतात.

वर्गातही फेरफार केला. सलग दोन तास गायले तर तिसरा ताल किंवा श्रवणाचा. तीनतालात सोळा मात्रा, पहिलीला, पाचवीला, तेरावीला टाळी आणि नववीला खाली. साठ मुलं एकदम टाळी देतात आणि नवव्या मात्रेला साठ हात आवाज न करता हवेत उघडतात. ती शांतता मी तासाला पंधरा वेळा ऐकते आणि माझा घसा तेवढा वेळ विश्रांती घेतो. कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला. पाचवी-सहावीतली मुलं नुसत्या हुंकारानं सूर धरायला शिकली, तर वर्ग आपोआप हळू होतो. त्यांच्यावर ओरडायची गरजच उरत नाही.

माझ्या आत एक वेगळी गाठ होती, तीही सांगते. माझ्या गुरूंच्या घरी एका तानपुऱ्यामागे आम्ही तिघी शिकायचो. एक स्वर लागेपर्यंत महिना गेला तरी चालायचं. त्या मापानं मी साठ मुलांच्या वर्गाकडे पाहत होते आणि रोज नापास होत होते. विष्णू दिगंबर पलुसकरांचं शिक्षण मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झालं, अगदी जुन्या गुरुशिष्य पद्धतीनं. त्याच माणसानं ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं. हे मी प्रवेशिकेपासून परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्यापर्यंत चाळिशीनंतर पोचला. वर्गातून गवई निघावेत हे माप वर्गाचं नाहीच. मुलानं आयुष्यभर गाणं ऐकावं, स्वतःच्या आवाजाला लाजू नये, हे वर्गाचं माप. ते मान्य केल्यावर मी वर्गातून हरल्यासारखी बाहेर पडायची थांबले.

सकाळी पाऊण तास आधी उठते आणि पंधरा-वीस मिनिटं गाते. शाळेतलं काहीही त्या वेळात गायचं नाही, हा एकच नियम. समुपदेशकांकडे चार वेळा गेले, त्याचाही उपयोग झाला. आता टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता. असता तर कदाचित आधी बोलले असते. एकट्या संगीतशिक्षकाला शाळेत आपल्या विषयाचं दुसरं माणूस नसतं, हे आपल्या थकव्याचं मोठं कारण आहे. आम्ही शहरातल्या पाच शाळांतले शिक्षक महिन्यातून एका शनिवारी कुणा एकाच्या घरी बसतो. प्रत्येकानं काहीतरी गायचं. कार्यक्रमांविषयी बोलायचं नाही.

आता तो मुलगा. आवाज फुटतो म्हणजे काय, हे मी त्या आजारपणानंतर नीट वाचलं. बारा ते चौदाच्या आसपास मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो आणि ते होईपर्यंत काही महिने ताब्यात राहत नाही. त्याला बेसूर म्हणणं म्हणजे उंची वाढते म्हणून पायजमा आखूड झालेल्या पोराला रागावणं. अशा मुलांना मी आता खालच्या सुरात आधारस्वर धरायला देते, ध्रुवपदात ठेवते, वरच्या अंतऱ्यातून सोडवते, टाळ किंवा खंजिरी हातात देते. गटातून कुणालाही काढत नाही. त्यामुळे आमचे नंबर कमी येतात.

चार वर्षांनी तो मला सांगलीतच, विश्रामबागेत भेटला. मिसरूड फुटलेलं, आवाज चांगला भारदस्त झालेला. मी त्याची माफी मागितली. ‘असू दे बाई,’ म्हणाला, ‘मला मुळात गाता येतच नाही.’ हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. मी त्याच्या तोंडात घातलेलं. त्याला अजून दोनदा बोलावलं, तो आला नाही.

तुमच्या वर्गात कुणी ओठ हलवत उभा असेल, तर त्याला उद्याच्या तासाला गायला सांगा.