एक चाचणी, अनेक परिणाम

औषध दिल्यावर आपण केवळ ताप उतरला का, एवढेच पाहत नाही. भूक, वजन, अंगावरील पुरळ यांचीही चौकशी करतो. संशोधनासही हाच न्याय लागू आहे.

आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००२ ते २००५ या काळात १६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉलची चाचणी झाली. कोणाला औषध व कोणाला औषधविरहित गोळी, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषधविरहित गटात १२ टक्के, तर औषध घेतलेल्या गटात ६.४ टक्के. मात्र थंडी व ताप औषधाच्या गटात अधिक आढळले. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या तरच निर्णय योग्य होतो.

येथे एक धोका संभवतो. परस्परांशी संबंध नसलेले पाच परिणाम प्रत्येकी ५ टक्के पातळीवर तपासले, तर औषध निरुपयोगी असूनही एखादा तरी योगायोगाने 'लक्षणीय' ठरण्याची शक्यता सुमारे २३ टक्के असते. शिवाय एकाच रुग्णाचे परिणाम बहुधा परस्परांशी निगडित असतात. रक्तस्राव वाढला की हिमोग्लोबिन घटते. हे नाते लक्षात घेऊन अनेक सरासरींची एकत्र तुलना करणारी कसोटी हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९३१ साली मांडली. तथापि फरक नेमका कशात, हे ती एकटी सांगत नाही. म्हणून मुख्य परिणाम चाचणीपूर्वीच निश्चित करावा लागतो.

औषध कंपनीच्या प्रतिनिधीने एकच सुबक आलेख पुढे ठेवला, तर आपण अवश्य विचारावे, "एकूण मोजले किती? आणि मुख्य कोणता, हे केव्हा ठरले?" आपल्या बालरुग्णांच्या हिताचे उत्तर त्यातच आहे.