आधी वेज बघ, मग रंग

पोरी, पोतीसाठी मणी घ्यायला निघालीस, तर एवढं ऐकून जा. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेली जयसिंगपूरची ही पेठ आहे. इथं चार दुकानं फिरलीस म्हणून कुणी हसणार नाही. मणी हातात आला की आधी उजेडाकडे धरून वेज, म्हणजे मण्याचं भोक, बघायचं, रंग नंतर.

हातघडणीचा मणी होतो कसा, ते ठाऊक असलं की वेज बरंच काही सांगतं. कारागीर ज्योतीच्या झोतात काचेची कांडी वितळवतो आणि मातीचा लेप दिलेल्या सळईवर ती गुंडाळत जातो. लेपामुळं गार झालेला मणी सळईवरून सुटतो. बनारस आणि हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर या कामासाठी नावाजलेली. पोतीतले बारीक काळे मणी मात्र निराळे. काचेची नळी लांब ओढून तिचे तुकडे पाडतात. तसं काम आंध्रात श्रीकालहस्तीजवळच्या पापानायडुपेटला चालतं.

तर वेजाच्या कडेवरून बोट फिरव. चांगल्या मण्याची कड आत वळलेली, गुळगुळीत लागते. टोचली, तर मणी कितीही देखणा असो, परत दे. ती कड करवतीसारखी दोरा कापत राहते, आणि पोत तुटते ती तिथंच. आत पांढरी भुकटी दिसली तर तो लेप राहिलेला असतो. मणी पाण्यात भिजवून जाड ओला दोरा आत-बाहेर ओढ. फुंकर मारू नकोस, ती धूळ छातीत जाते.

दुसरं, मणी सावकाश गार केलेला हवा. घाईनं गार झालेल्या काचेत ताण राहतो आणि पुढं कधीतरी काही न लागताही ती तडकते. पारदर्शक मण्यासाठी नातवानं एक युक्ती दाखवली. मोबाइलचा पडदा पांढरा कर, पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरव आणि मणी मधे धर. वेजाभोवती लख्ख उजेड दिसला तर आत ताण आहे, ठेवून दे. काळ्या मण्याला हा उपाय चालत नाही. तिथं नखानं कड चाचपून बारीक चीर शोधायची.

रंग काचेत आहे की वरून चढवलाय, तेही बघ. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून एका मण्यावर घास. कापूस रंगला तर तो मुलामा, घामानं महिन्या-दोन महिन्यांत उतरेल. दुकानदाराला विचारूनच कर हं, आणि नाही म्हणाला तर एकच मणी विकत घेऊन घरी कर. काच हाताला गार आणि जड लागते. प्लास्टिक लगेच ऊब धरतं.

मधेमधे हुपरीचे चांदीचे मणी घालणार असशील तर त्यांचीही कड तशीच तपास. चांदी उजळायचं औषध ओवलेल्या माळेला लावू नकोस, दोरा कुजतो. मोठे मणी गाठवताना प्रत्येक दोन मण्यांत गाठ मारून घे. एकमेकांवर आपटले नाहीत तर टवके उडत नाहीत, आणि दोरा तुटला तरी एकच मणी जातो.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या. शेकडो वर्षं मातीत राहूनही काच टिकली. तुझी सगळी काळजी दोऱ्याची असू दे. अंघोळीला पोत काढून ठेव. अत्तर, पावडर आधी, पोत शेवटी. मणी धुवायचे तर कोमट पाण्यात, कढत कधीच नाही. मऊ सुती कापडानं टिपून रात्रभर वाऱ्यावर वाळव. कापड आधी झटक, धुळीतली वाळू काचेहून कठीण असते, ओरखडे पाडते. डब्यात पाटल्यांबरोबर कोंबू नकोस, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वेगळी गुंडाळ.

आणि मण्यांच्या मधे दोरा दिसायला लागला, की तुटायची वाट न बघता पोत पटवेकऱ्याकडं नेऊन नव्यानं गाठवून घे.