हळदीची कंदकूज व मातीतील राखणदार

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतेकडे, हळदीवर कित्येक कुटुंबांचा वर्षाचा संसार चालतो. लावलेले बेणे पीक होऊन हाती यावयास सुमारे नऊ महिने लागतात. परंतु भर पावसात कंदकूज शिरली, तर तितके श्रम वाया जाऊन पुढील सालचे बेणेही नासते. सबब हा रोग व त्यावरील एक नैसर्गिक उपाय ह्यांचा विचार आज आपण करू.

प्रथम, रोग ओळखावा कसा? फुटव्यांची पाने पिवळी पडून वाळतात. खोडाचा मातीलगतचा भाग काळपट होतो. फुटवा ओढिला असता सहज हाती येतो. आणि मऊ झालेला गड्डा दाबिला तर त्यातून दुर्गंधीचे पाणी निघते. ह्याचे मुख्य कारण पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव होय. आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचले की त्याचे फावते.

दुसरे, उपाय कोणता? ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी मातीतच वसते. ती दुसऱ्या बुरशीच्या तंतूंस वेढा घालून त्यांवर आपली उपजीविका करिते, हे रिचर्ड वाइंडलिंग ह्या संशोधकाने १९३२ साली दाखवून दिले. शिवाय मुळांभोवतीची जागा व अन्न ती आधीच व्यापून टाकिते. स्ट्रॉबेरीसारख्या मऊ फळांवरील करड्या बुरशीविरुद्धही तिची योजना करितात.

तिसरे, योजना कशी करावी? एकरी २ ते २.५ किलो ट्रायकोडर्मा २५० ते ३०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना पिकात पसरावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रणही ह्याच कामी येते. ही औषधे सजीव आहेत. म्हणून ती सावलीत ठेवावी, पुडीवरील मुदत पाहावी, आणि त्यांबरोबर रासायनिक बुरशीनाशक ओतू नये, कारण ते राखणदारासही मारिते.

आता मुख्य गोष्ट ही की, राखणदार चोरीपूर्वी नेमावयाचा असतो. कुजलेला गड्डा कोणत्याही बुरशीने पुन्हा धड होत नाही. यास्तव निरोगी वावरातील बेणे निवडावे, गादीवाफ्यावर लावणी करावी, पाणी निघून जाण्यास चर ठेवावेत, त्याच जागी पुनःपुन्हा हळद किंवा आले घेऊ नये, व रोगट गड्डे उपटून नष्ट करावेत. ते बांधावर टाकिल्यास वाहत्या पाण्याबरोबर रोग शेजाऱ्याच्या वावरात जातो. त्याचेही घर हळदीवरच चालते, हे आम्ही विसरू नये.

अभ्यासाचे प्रश्न : १. कंदकुजीची चिन्हे कोणती? २. ट्रायकोडर्मा रोग येण्यापूर्वीच का द्यावी? ३. आपल्या वावरातील पाणी कोठे जाते?